वाटीतले नट

"…त्या इंजिनात म्हणे त्याच्या आईनंच—"

एवढंच माझ्या कानावर पडलं, आणि नेमक्या तेव्हाच यजमानीणबाई पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. हेमा जोगदेव गप्प झाली, पेला उचलला आणि "वेलदोडा छान उतरलाय हो" म्हणून मोकळी झाली. मी तिच्या पाठीमागेच सतरंजीवर बसले होते. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, ओटीत भिजवलेले हरभरे, द्रोणात आंब्याची डाळ, आणि घशात अडकलेलं ते अर्धं वाक्य. डाळ गोड लागेना.

मी काही चौकशीखोर नाही. आमच्या ह्यांना विचाराल तर ते हसतील, पण ते सोडा. कान उघडे असतात माझे, एवढंच. आणि ते इंजिन म्हणजे कुठलं, हे मला कुणी सांगायला नको होतं. ते माझ्या पायाखाली होतं.

आम्ही कलकत्त्यात भवानीपूरला राहायचो, पहिल्या मजल्यावर. खाली शकुन आणि तिची मुलगी मंदाकिनी. शकुनचे यजमान खिदिरपूरच्या गोदीत कारखान्यात होते, ते लढाईच्या काळातच गेले. मागे त्यांच्या हत्यारांची पेटी राहिली आणि दोन मुलं. थोरला श्रीकांत. त्यानं बराकपूरच्या लष्करी लिलावातून एक जुनी विलायती मोटारसायकल आणली होती, लढाईच्याही आधीची. सुरू व्हायची तेव्हा आमच्या फडताळातली भांडी वाजायची. मी वरून ओरडायची, "अरे मेल्या, माझी कपबशी!" आणि तो खालून हात जोडायचा. गेल्याच्या गेल्या दसऱ्याला तो तीच गाडी घेऊन बराकपूरला मामाकडे सोनं द्यायला निघाला. वाटेत भरवेगात इंजिन अडकलं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं. तो परत आला नाही. गाडी आली. चाकं वाकडी, इंजिन शाबूत, पण आतून गच्च बसलेलं. किकवर दोन माणसं उभी राहिली तरी हलेना.

शकुननं ती गाडी विकू दिली नाही, कुणाला हात लावू दिला नाही. जिन्याखाली ठेवली. आणि मग ते सुरू झालं.

गाडी लांबून चालवत आणून थांबवली की इंजिन गार होताना आवाज करतं, ऐकलाय ना? टिक… टिक… मध्येच थांबून पुन्हा टिक. धातू आखडतो, असं मंदा सांगते; ती शाळेत विज्ञान शिकवते. तो आवाज रोज दिवेलागणीला, श्रीकांत कचेरीतून यायच्या वेळी, जिन्याखालून यायला लागला. दीड वर्ष न चाललेल्या इंजिनातून. मी एकदा उतरून हात लावून पाहिला. कोमट होतं, तापातून उठलेल्या पोराच्या कपाळासारखं. आणि जळक्या तेलाचा वास. मी हात पदराला पुसत वर आले आणि ह्यांना म्हटलं, "आज खिडकी लावून घेऊ या."

शकुन मात्र त्या वेळेला एक कप चहा करून, बशीनं झाकून, गाडीजवळच्या स्टुलावर ठेवायची. "आलास का रे?" एवढंच विचारायची आणि भिंतीला टेकून बसायची. तिचं जेवण त्या वर्षात कमी होत होत दोन घासांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, नागपूरला दुसऱ्या भावाकडे न्या. ती गाडी सोडून उंबऱ्याबाहेर जायला तयार नव्हती. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जायच्या. मला दिसत होतं, ही बाई त्या यंत्रापायी जाणार.

म्हणून ते अर्धं वाक्य मी सोडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी बाजारात हेमाला माशांच्या आणि भाजीच्या गल्लीमध्ये गाठलं.

"काल काय म्हणत होतीस गं? आईनंच काय?"

"मी? कुठं काय!"

"हेमा, मी तुझ्या लग्नात मुंडावळ्या बांधल्यात. बोल."

मग बोलली. श्रीकांत एका बंगाली मुलीशी लग्न करणार होता, आईला पसंत नव्हतं, म्हणून आईनंच त्या इंजिनात काहीतरी घातलं. करणी केली. मुलाला घाबरवायला केली, ती मुलावरच उलटली. म्हणून तो रोज जाब विचारायला येतो. "मी नाही हो म्हणत, लोक म्हणतात."

"लोकांना सांग, घरचा आरसा पुसा आधी," म्हटलं आणि पडवळ न घेताच घरी आले.

घरी आले तर जिन्यात मंदा उभी. तिच्या वडिलांची हत्यारांची पेटी पायाशी. डोळे कोरडे.

"काकू, घरमालकांनी भंगारवाल्याला सांगितलंय. बिऱ्हाडकरू घाबरतात म्हणे. परवा हातगाडी येणार. आई म्हणते, गाडी गेली तर मीही जाते." तिनं पेटीची कडी काढली. "मी इंजिन उघडते आहे. शेवटच्या नटापर्यंत. आत लोखंड आहे आणि दुसरं कोणी नाही, हे आईला दाखवते. तिनं पाहिलं की ती जेवेल."

"आणि कोणी असलं तर?"

"तर त्यालाही सांगते, आता पुरे."

मी पदर खोचला. दुसरं काय करणार?

कोपऱ्यावरच्या दोन हमालांनी इंजिन गाडीतून सोडवून शकुनच्या मागच्या खोलीत आणून जुन्या पाटावर ठेवलं. गॅरेजचा मिस्त्रीही बोलावला होता. त्यानं वरचे चार नट सैल केले, चहा प्यायला अंगणात गेला, परत आला, हात लावला आणि पाना खाली ठेवला. चारही घट्ट. "दीदीमणी," तो हळू आवाजात म्हणाला, "ये इंजिन खुलना नहीं चाहता." मजुरीसुद्धा न घेता गेला.

"बरं झालं," मंदा म्हणाली. "एवीतेवी तो माझ्या हातात पाना देतच नव्हता."

मग आम्ही दोघी. ती पाना लावायची, मी इंजिन दाबून धरायची. नट हलेना की मी खोबरेल आणि रॉकेल मिसळून कापसानं सोडायची, उकळत्या पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळायची. मी त्या इंजिनाला स्पष्ट सांगितलं, "घट्ट हो बाबा, किती व्हायचं ते. मी सासरी चार जावांनी बंद केलेल्या लोणच्याच्या बरण्या उघडल्यात." मंदा कितीतरी दिवसांनी हसली. प्रत्येक जागेचे नट वेगळ्या वाटीत ठेवायचे, म्हणजे जोडताना घोळ नको. माझ्या घरच्या सगळ्या वाट्या खाली आल्या. संध्याकाळपर्यंत इंजिनाचं डोकं निघालं. आत सिलिंडरमध्ये पिस्टन अर्ध्यावर रुतलेला, भोवती काळे ओरखडे.

"तेल पोचलं नाही," मंदा वाकून म्हणाली. "बाबा सांगायचे, इंजिन असं धरतं ते तेलावाचून. पण दादानं तर आदल्याच दिवशी तेलाची टाकी भरली होती."

शकुन दारात उभी होती. तिनं हे ऐकलं आणि आत गेली. त्या दिवशी चहाही ठेवला नाही.

पाने आणि हातोडी मी वर नेली, माझ्या कपाटात कुलपात ठेवली. उगाच का, ते खरं सांगते: मला शकुनचा संशय येत होता. वाटलं, हीच मागं जाऊन नट आवळत असेल.

सकाळी चहा घेऊन खाली उतरले तर मंदा मागच्या खोलीच्या दाराशी, चौकट धरून.

वाट्या रिकाम्या होत्या. सगळ्या. इंजिनाचं डोकं जागेवर बसलेलं, नट न् नट आवळलेला. नुसता हातानं फिरवलेला नव्हे, पान्यानं आवळलेला. किल्ली माझ्या कमरेला होती.

"काकू…"

"हं."

"वाट्या पुसलेल्या आहेत."

खरंच होत्या. तेलाचा ओघळ नाही. श्रीकांत तसाच होता. काम झालं की सगळं लखलखीत पुसून ठेवायचा. मी हातातली कपबशी खाली ठेवली.

मंदानं एका नटाला अंगठा लावून पाहिला. मग वळली, आणि तिचा चेहरा पाहून मला तिचीच भीती वाटली.

"किल्ली द्या."

"मंदा, आपण ब्राह्मणाला विचारू, शांत—"

"किल्ली द्या काकू. त्याला आवळायचं असेल तर आवळू दे. मी सोडवते. बघू या कोण थकतं!"

त्या दिवशी शाळेला रजा. ती दात आवळून काम करत होती आणि मधूनमधून इंजिनाशी भांडत होती, लहानपणी दादाशी भांडायची तशी. "दादा, नेहमी तुझंच खरं का रे?" डोकं पुन्हा निघालं. मी निघालेला एकेक नट वाटीत नव्हे, माझ्या ओच्यात बांधत गेले. म्हटलं, आता घे काढून!

चार वाजता वैशाखी वादळ आलं. कलकत्त्यात ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. पश्चिमेकडून आकाश शाईसारखं चढत आलं, वारा पडला, गल्लीतले कावळे एकदम गप्प झाले आणि भर दिवसा रात्र झाली. मग धूळ, आपटणारी दारं, कुठंतरी पत्रा उडाल्याचा आवाज. वीज गेली. मी कंदील लावून पाटाजवळ ठेवला.

आता एकच जागा राहिली होती. टाकीतून तेल आणणारी नळी खाली इंजिनात शिरते, तिथला पितळी नट. त्याच्यापुढे नळीचा वीतभर तुकडा तुटून तसाच राहिला होता. मंदा म्हणाली, "तेल अडलं असेल तर इथंच." पाना लावला. नट हलेना. ती पान्यावर अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळली. हलेना. तिच्या तळहाताचं साल निघालं.

आणि मग त्या उघड्या, डोकं काढलेल्या इंजिनातून आवाज आला.

टिक…

वास आला. जळक्या तेलाचा. पाटाखालची फरशी कोमट वाटायला लागली. कंदिलाची ज्योत सरळ होती, तरी भिंतीवरच्या आमच्या सावल्यांची हालचाल थांबेना. मंदाच्या हातातला पाना हळूहळू फिरला… उलटा. आवळण्याच्या बाजूला. तिनं दोन्ही हातांनी धरला होता, तरी फिरला.

"काकू, धरा!"

मी धरला. काय सांगू, पलीकडून माणसाचा जोर होता. रागाचा नव्हे. दाराला आतून पाठ लावून कुणी उभं राहावं, तसा.

"सोड," मंदा ओरडली. "दादा, सोड! आई मरतेय!"

"तू सोड गं," दारातून आवाज आला.

शकुन. केस सुटलेले, पण डोळे कितीतरी महिन्यांनी जागे. ती आली, पाटाशी बसली. आमचे दोघींचे हात पान्यावरून काढले. आणि आपला तळवा त्या गरम इंजिनावर ठेवला, ताप पाहतात तसा.

"श्रीकांत," ती म्हणाली, "सोड बाळा. मला ठाऊक आहे."

टिक… टिक…

"मला तेव्हापासून ठाऊक आहे. तू कशाला लपवतोस? सोड."

बाहेर वीज कडाडली. उजेडात मी पाहिलं, शकुननं तो नट दोन बोटांनी धरला होता. दोन बोटांनी. आणि तो फिरला.

नळीतून आधी काळं डांबरासारखं तेल आलं. मग काही येईना. मंदानं केसातली पिन काढून आत घातली, ओढली. पिनेला काहीतरी पिवळं लागून आलं.

झेंडूच्या पाकळ्या.

मी त्या वाटीत घेतल्या. दीड वर्ष तेलात राहिलेल्या, पण ताज्या. बोटाला गार लागल्या. त्या काळ्या वासातून झेंडूचा वास असा उसळला की दसऱ्याचं दार समोर उघडलंसं वाटलं.

"खंडेनवमीला," शकुन म्हणाली. ती रडत नव्हती. "इथले लोक विश्वकर्म्याच्या दिवशी यंत्रं पुजतात, तेव्हाच त्यानं म्हटलं होतं, आई, आजच उरकून घे पूजा. मी म्हटलं, आपल्यात खंडेनवमीला करतात. आपलं ते आपलं. तो तेल भरत होता. टाकीचं झाकण उघडं ठेवून हात धुवायला गेला. मी कुंकू लावलं, फुलं वाहिली, अक्षता टाकल्या. दोन पाकळ्या आत पडल्या… मी पाहिलं. म्हटलं, देवाचंच फूल, काय होतंय. आणि तो रागावेल म्हणून सांगितलं नाही."

पावसाचा पहिला मारा खिडकीवर आला.

"मला वाटायचं, रोज जाब विचारायला येतो," ती म्हणाली.

"जाब कसला वहिनी," मी म्हटलं. "तुमचं नाव बाहेर येऊ नये म्हणून दार लावून बसला होता पोर. तुम्हाला कळू नये म्हणून!"

तेवढ्यात इंजिनात काहीतरी सरकलं. दीड वर्ष रुतलेला पिस्टन, कुणीही हात न लावता, सावकाश खाली गेला. कुणी लांब श्वास सोडावा तसा आवाज झाला. मग इंजिन गार पडलं. लगेच पडलं, विहिरीच्या कठड्यासारखं.

मंदानं आईचा तेलकट हात आपल्या सोललेल्या हातात घेतला. मला वाटलं, आता काहीतरी जड बोलणार.

"आई," ती म्हणाली, "पिठलं टाकू?"

"टाक," शकुन म्हणाली. "मिरची जरा जास्त."

त्या संध्याकाळी ती भाताची मूद संपवून उठली. जिन्याखाली आवाज झाला नाही. नंतरही कधी झाला नाही. भंगारवाल्याला मी जिन्यातूनच परत पाठवला, आणि घरमालकांना निरोप दिला की भूत गेलं, आता भाडं वाढवायचं निमित्त दुसरं शोधा.

हेमाकडेही गेले. म्हटलं, "खरं आहे तुझं. घातलं होतं त्याच्या आईनंच. पूजेचं फूल घातलं होतं. आता हे पुरतं वाक्य सांग सगळ्यांना, अर्धं नको."

इथं थांबले असते तर बरं होतं. पण मी थांबणारी बाई नाही.

शकुन दोन पाकळ्या म्हणाली होती. दोन. नळीतून काढलेल्या मी वाटीत घेतल्या, तेव्हा वाटी शिगोशीग भरली होती. त्या दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मी वाटीवर ताटली झाकली, वर नेली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.

मंदानं ते इंजिन सावकाश जोडलं. चाकं नवी घातली. दसऱ्याला आईला मागे बसवून बराकपूरला जायचं ठरवलं, त्याच रस्त्यानं. गल्लीनं तोंडात बोटं घातली, तर मंदा म्हणाली, "घालू द्या, तेवढी तोंडं बंद राहतील." खंडेनवमीला तिनं आधी टाकीचं झाकण आवळलं, वरून तार पिळली. शकुननं फूल आणलंच नाही. नुसतं कुंकवाचं एक बोट लावलं. घरात झेंडूचं पानसुद्धा नव्हतं, मी स्वतः पाहिलं होतं.

सकाळी निघण्याआधी मंदानं तार सोडली, झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं.

तेलावर एक पाकळी तरंगत होती. पिवळी, कोरडी. तिला तेलसुद्धा लागलं नव्हतं.

शकुन फाटकाशी उभी होती, हातात आपट्याची पानं, नवं लुगडं, अंग पुन्हा भरलेलं. मंदानं ओठावर बोट ठेवलं. पाकळी चिमटीत धरली, चुरगळली, गटारात फेकली. मग पदर कमरेला घट्ट खोचला आणि एकाच किकमध्ये गाडी सुरू केली. माझी कपबशी वर वाजली.

त्या दोघी संध्याकाळी सुखरूप परत आल्या. तोवर मी जिन्यातच बसून होते.

आता काही वर्षं झाली. दर दसऱ्याला मंदा झाकण उघडते आणि मी शेजारी उभी असते. शकुनला आम्ही कळू दिलेलं नाही. पण मला कधीकधी जिना उतरताना वाटतं, तो पोरगा पान्याला पाठ लावून बसला होता, तो नुसतं आईचं झाकत होता, की आणखी काही कोंडून धरत होता? आम्हीच त्याला सोड म्हटलं. त्यानं सोडलं.

दर वर्षी एकच पाकळी असायची. यंदा दोन होत्या.

मंदानं दोन्ही काढून फेकल्या, माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि किक मारली.